नवघरच्या देवळातलं वाचन

अर्ध्या डाळिंब्या सोलून झाल्या होत्या. उरलेले वाल परातीतल्या कोमट पाण्यात पडून होते, त्यांची सालं सुटून वर तरंगत होती. विनिता कर्णिक स्वयंपाकघरात पाटावर बसून एकेक दाणा अंगठ्याने हलकेच दाबत होती. बिरडं हे घाईचं काम नव्हे. मोड तुटला की दाणा गेला, आणि सासूबाई असत्या तर तुटक्या मोडांवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं असतं. रविवार होता. नवरा, अमृत, बाहेर पेपर वाचत होता. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले होते म्हणून तिने कोपराने ढकलत फोन जवळ घेतला आणि स्पीकर लावला.

"मॅडम, मी रुचिता. नवघरची."

वर्गात दुसरी रुचिता नव्हतीच. पण पोरीचा आवाज असा बसला होता की तिला स्वतःची ओळख सांगावीशी वाटली असावी.

"बोल गं."

"उत्तमकाकाने अनसूया आजीचा फोन काढून घेतला. आणि मिनलकाकीला काल मुर्ध्याला सोडून आला. तिच्या माहेरी."

विनिताच्या हातातला दाणा सालीसकट परत पाण्यात पडला.

"मॅडम, आता आजीला स्वातीआत्याचा आवाज कुठून ऐकू येणार?"

विनिता "मी बघते" म्हणाली. काय बघणार ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवून ती परातीसमोर तशीच बसून राहिली, आणि पाणी गार होत गेलं.

विनिता गिरगावातली. लग्नानंतर काही वर्षं चाळीत काढली, मग मुलीच्या जन्माच्या वेळी कर्णिक मंडळी मीरा रोडला आली. इथे आल्या आल्या तिला जे सुख वाटलं ते हे, की दार लावलं की आपण कोण, कोणाच्या, काय करतो, याची कोणाला पंचाईत नाही. समोरच्या दारात गुजराती कुटुंब, वर एक पंजाबी आजोबा, खाली दवाखाना. जिन्यात भेटलं तर "विनिताबेन, केम छो," एवढंच. चाळीत नळावर भांडी घासताना तिच्या माहेरचं सगळं निघायचं. इथे तसं काही नव्हतं. देवाने एकदाचा निवांतपणा दिला असं ती म्हणायची. पुढे जे झालं त्याचं मूळ या निवांतपणातच होतं, पण ते तेव्हा कोणाला कळणार?

ती हायवेच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. शेवटच्या वर्षाच्या आयटीच्या मुलांना संशोधन पद्धती हा विषय. हा विषय म्हणजे सगळ्यांच्या लेखी भाजीतलं कढीपत्त्याचं पान, बाजूला काढून ठेवायचं. आधीचे मास्तर स्लाइड दाखवत, मुलं मोबाइल बघत, परीक्षेत व्याख्या लिहीत आणि पास होत. विनिताने पहिल्याच वर्षी स्लाइड बंद केल्या. बाकं भिंतीला लावून मुलांना गोल बसवलं, आणि स्वतः त्यांच्यातच एका खुर्चीवर बसली.

"तुमच्या घरातलं असं काय आहे, जे तुम्हाला कळत नाही?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा.

मुलं हसायची. अनिश नावाचा एक टवाळ पोरगा होता. तो म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा रोज रात्री वायफाय बंद करतात. का करतात तेच कळत नाही. खुन्नस म्हणून, दुसरं काय!"

सगळा वर्ग खिदळला. विनिता हसली नाही. "चांगला प्रश्न आहे. कोणाला विचारशील? आणि तो खरं सांगेल हे कशावरून?"

अनिशला वाटलं मॅडम खेचतायत. पण तो खरंच घरी गेला, बसून बघितलं, विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात कान पकडून उभा राहिला. वडील वायफाय बंद करतच नव्हते. राउटरचा हिरवा दिवा डोळ्यावर येतो म्हणून झोपताना त्यावर जाड टॉवेल टाकायचे, आणि ते यंत्र तापून आपोआप बंद पडायचं. त्या दिवसापासून वर्गाला चव आली. ॲप नंतर, प्रश्न आधी, हे मुलांना पटलं. कोणाला कोणता प्रश्न घ्यायचा ते मुलं ठरवायची. मुलाखत कशी घ्यायची यावर मुलंच भांडायची. मार्क कशाला द्यायचे हेसुद्धा ती वर्गाला विचारायची. विभागप्रमुख यतीन सर स्टाफरूममध्ये म्हणायचे, "कर्णिक मॅडम शिकवत नाहीत, मुलंच त्यांना शिकवतात." हा टोमणा असायचा. विनिता तो प्रसादासारखा घ्यायची.

एका बाबतीत मात्र ती कडक होती. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापुढे जाऊन ती उत्तरं वाचून दाखवायची, मग अहवाल कॉलेजात द्यायचा. लोकांचं घेतलं ते आधी लोकांना दाखवायचं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण तोंडात घास घालतो का, असं ती मुलांना म्हणायची. दुसरं असं, की लोकांचे शब्द बदलायचे नाहीत. माणूस जसा बोलला तसं लिहायचं, आपल्या शुद्ध मराठीचा रंधा त्यावर फिरवायचा नाही.

रुचिता भोईर ही नवघरची. गावठाणातलं घर. आजोबा मिठागरावर, वडील आता गाळे भाड्याने देतात. वर्गात ती फारशी बोलायची नाही. ती आपला प्रश्न घेऊन आली तेव्हा विनिताला फार आवडला होता.

"मॅडम, आमच्या गावात सगळ्या आज्यांकडे मोबाइल आहे. पण फोन त्यांच्या हातात नसतो. मग तो खरं कोण चालवतं?"

"वा! आणि तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, म्हणून तर विचारायचंय."

विनिताने त्याच दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं, संशोधन याला म्हणतात.

रुचिता आणि तिची मैत्रीण सलोनी, दोघी घरोघर गेल्या. भजनी मंडळातल्या बायकांशी बोलल्या. नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी प्रत्येकीला एका फुलाचं नाव दिलं. कोणी मोगरा, कोणी शेवंती, कोणी सोनचाफा. अनसूया आजी झाली अबोली, कारण ती सुरुवातीला काही बोलायलाच तयार नव्हती. पण एकदा बोलायला लागली तेव्हा थांबली नाही.

तिची गोष्ट अशी. धाकटी लेक स्वाती, तिने जातीबाहेर लग्न केलं. स्वातीचा थोरला भाऊ उत्तम देवळाच्या कमिटीवर, गावात मान असलेला माणूस. त्याने त्या दिवशी सांगून टाकलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. स्वाती लांब नव्हती गेली, काशीगावात राहत होती. रिक्षाने जायचं अंतर. पण गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला रिक्षापर्यंत कोण नेणार, आणि नेलं तर नाक्यावरचे चार जण संध्याकाळी उत्तमला सांगणार. तेव्हा वाट काढली ती सुनेने. मिनलने सासूच्या फोनमध्ये नणंदेचा नंबर टाकला, आणि नाव घातलं 'गॅसवाला'. स्वाती रोज दुपारी दोन शब्द बोलून आवाज पाठवायची. नवरा कामावर गेला की मिनल सासूच्या कानाला फोन लावायची, सासू ऐकायची, उलट दोन शब्द बोलायची, आणि मिनल ते सगळं पुसून टाकायची. एवढंच. यात कोणाचं काही गेलं नव्हतं, आणि एका आईला लेक मिळत होती.

अनसूयाने हे रुचिताला का सांगितलं? विश्वासाने सांगितलं. आपल्याच गल्लीतली पोर, कॉलेजात शिकते, आणि नाव येणार नाही म्हणते. शिवाय सुनेचं कोणापुढे तरी कौतुक करावं असं तिला फार दिवस वाटत असणार. सुनेचं गुणगान गावात करायची सोय नव्हती.

वाचनाच्या आधल्या दिवशी रुचिता कागद घेऊन विनिताकडे आली.

"मॅडम, अबोलीचं थोडं बदलू का?"

"काय बदलतेस?"

"ते गॅसवाल्याचं काढून टाकते."

"अगं, तेच तर सोनं आहे! ते काढलंस तर मागे काय राहिलं? 'आजींना सून मदत करते.' हे तर कोणीही घरी बसून लिहील."

"पण कळेल, मॅडम."

"नाव आहे का कुठे?"

"नाही."

"गल्ली? घर? वय?"

"नाही."

"मग?"

रुचिताला सांगायचं होतं, पण मॅडमचा "मग?" इतका ठाम होता. तिने कागद दुमडला आणि "बरं" म्हणाली. वर्षभर पोरांना प्रश्न पुरा करू देणारी ही बाई. त्या एका वेळी तिने पोरीचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन टाकलं.

मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये नाव काढलं की माणूस नाहीसा होतो. नवघरात तसं नाही. तिथे लेकीचं नाव घ्यायला बंदी असलेलं घर एकच होतं, आणि ते पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं.

मार्गशीर्षातला गुरुवार ठरवला होता. दुपारी बायका सवाष्णींना हळदीकुंकू देऊन देवळातच बसायच्या, म्हणून सभामंडप सोयीचा पडला. कमिटीतर्फे उत्तमनेच मंडप उघडून दिला, सतरंज्या टाकून घेतल्या, पंखे लावले. कॉलेजच्या बाई येणार म्हणून स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून मागे खुर्चीवर बसला. मिनल चहाचे कप मांडत होती. अनसूया पुढे खांबाला टेकून बसली होती, डोक्यावरून पदर, हातात वाण म्हणून मिळालेलं केळं.

सलोनीने वाचायला सुरुवात केली. "मोगरा म्हणाली, 'मी फोन उचलला की नातू ओरडतो, आजी, लाल नको दाबू. मी लालच दाबते. मना कोनाशी बोलायचं असतं तेव्हा मी घरी जाते त्यांचे.'"

"ही बेबी हाय गो!" मागून कोणीतरी ओरडलं. "बेबीच लाल दाबते!"

सगळ्या हसल्या. बेबी नावाची ती बाई स्वतःही पदर तोंडाला लावून हसत होती. "हाव, मीच. मंग? उचलून करायचं काय?"

शेवंती आली, तिलाही ओळखलं. सोनचाफ्यावरून दोघींचं भांडण लागलं, कारण दोघींनाही वाटत होतं तो आपणच. मंडपात जत्रा भरल्यासारखं झालं. विनिता एका बाजूला बसून बघत होती, आणि तिला वाटत होतं की आजवरचं सगळ्यात चांगलं वाचन हेच. लोक नुसते ऐकत नव्हते, खेळत होते. तिच्या लक्षात आलं नाही, की हा खेळ कसला आहे. लक्षात यायला हवं होतं. समोर एकेक फूल नावानिशी ओळखलं जात होतं.

"आता अबोली," सलोनी म्हणाली. रुचिताने मान खाली घातली.

"'माजे फोनवर रोज दुपारचा गॅसवाल्याचा आवाज येतो.'"

हशा पिकला. "रोज गॅस! हिचे घरान लगीन हाय काय?"

"'सगल्यांना वाटल सिलिंडर. तो माजे लेकीचा आवाज हाय. मना बटन दाबता येत न्हाय. सून माजी दाबते, मना आयकवते, मंग पुसून टाकते. पोराला न्हाय ठावं. देव तिचं भलं करो.'"

हसू मध्येच तुटलं. कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना खांबाकडे वळल्या आणि तशाच मागे, खुर्चीकडे. चहाचे कप मांडणारा मिनलचा हात जिथे होता तिथे थांबला. सलोनी नवघरची नव्हती, तिला काही कळलं नाही, ती पुढचं वाचायला लागली. रुचिताने तिच्या हातावर हात ठेवला.

उत्तम उठला. विनिताजवळ येऊन हात जोडले. "म्याडम, चहा घेऊन जा," एवढंच बोलला आणि चपला घालून निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. कोणीतरी त्याला समजावलं असतं, वयाने वडील असलेल्या चार बायका मध्ये पडल्या असत्या. त्याच्या नम्रपणापुढे सगळ्या गप्प बसल्या. अनसूयाने हातातलं केळं देवापुढच्या ताटात ठेवलं आणि खांबाला धरून उठली.

विनिताने सांगायचा प्रयत्न केला, अहो, ही नावं खरी नाहीत, कोणीही असू शकतं. बेबी तिच्याकडे अशी बघत राहिली, जसं लहान पोर खोटं बोलताना आपण बघतो.

देवाला एकदा वाहिलेलं फूल आपण परत परडीत घालत नाही. शब्दाचंही तसंच. घरी जाताना विनिताने नाक्यापर्यंत सोडायला आलेल्या रुचिताला विचारलं, "तू मला आधी सांगायचा प्रयत्न करत होतीस ना?"

"हो, मॅडम."

"मग जोरात का नाही सांगितलंस?"

रुचिता म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, लोकांचे शब्द बदलायचे नाहीत."

विनिताने रिक्षाला हात केला.

रविवारच्या त्या फोननंतर विनिता तशीच ओल्या हातांनी चप्पल घालायला निघाली होती. अमृतने अडवलं. "आज उत्तम घरी असेल. तू गेलीस की म्हातारीला आणखी ऐकून घ्यावं लागेल. उद्या जा." तो कमी बोलायचा, पण बोलायचा ते बहुधा बरोबर असायचं. ती थांबली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिला काही मागावंसं वाटलं, पण कोणासाठी काय मागायचं ते ठरेना. मिनलने घरी यावं म्हणून मागावं तर ते अनसूयाच्या फोनच्या आड येत होतं. उत्तमसाठी मागावं तर स्वातीच्या. ती नुसती हात जोडून उभी राहिली. घरी बिरडं त्या दिवशी झालं नाही. वाल फ्रिजमध्ये गेले.

सोमवारी यतीन सरांनी केबिनमध्ये बोलावलं. गावातून कोणीतरी कॉलेजच्या ट्रस्टींपर्यंत गेलं होतं.

"मॅडम, बसा. मी तर आधीच म्हणत होतो, ऑनलाइन फॉर्म पाठवा. लिंक टाकली की बसल्या जागी डेटा. कोणाच्या घरात जायचं नाही, कोणाचं रडं ऐकायचं नाही."

"हो, सर."

"आपली मुलं प्लेसमेंटसाठी येतात. समाजसेवेला नाही." मग त्यांनी आवाज उतरवला. ते वाईट गृहस्थ नव्हते, विनिताला वाचवायचीच त्यांची इच्छा होती. "मी काय म्हणतो, अहवालात लिहू, विद्यार्थिनीने गाइडला न दाखवता ते वाचलं. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, एक ताकीद देऊ, संपलं. तुम्ही सुटलात."

"तिने दाखवलं होतं, सर."

"मॅडम…"

"दाखवलं होतं. काढू का, असंही विचारलं होतं. मीच वाच म्हणून सांगितलं. तसंच लिहा."

यतीन सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या सत्रापासून हा विषय रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर जाईल, वर्गात कोणीतरी नुसतं हजेरी घेईल, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना अवघडल्यासारखं झालं. विनिताला फारसं काही वाटलं नाही. तिला वाटायला हवं होतं, इतक्या वर्षांत तिने घडवलेलं ते काम. पण मनात सारखा एकच विचार होता, की नवघरात आज दुपारी म्हातारीच्या कानाला कोणी फोन लावला नसेल.

वर्गात ती गेली तेव्हा बाकं नेहमीसारखी गोल लावलेली होती. रुचिता आली नव्हती. सलोनी रडवेली बसली होती. काय झालं ते मुलांना कळलेलं होतंच.

"आता काय करायचं?" विनिताने विचारलं. तिच्या तोंडून हा प्रश्न मुलांनी कितीदा ऐकला होता. या वेळी मात्र तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मॅडम, सगळे जाऊन सॉरी बोलू या," कोणीतरी म्हणालं.

"सॉरीने फोन परत येतो का?" सलोनी उसळली.

अनिशने बऱ्याच वेळाने हात वर केला. हा पोरगा हात वर करून कधी बोलत नसे. "मॅडम, त्या आजींना काय पाहिजे ते कोणी विचारलंय का?"

विनिता उठली, पर्स घेतली आणि तास अर्धा टाकून निघाली.

गोल्डन नेस्टच्या चौकापुढे उतरून ती नवघरच्या गावठाणात शिरली. टॉवरांच्या मध्ये अजून उरलेली चार-पाच कौलारू घरं, त्यातलंच एक उत्तमचं. पुढे ओटा, तुळस, बाजूला पाण्याच्या टाकीवर वाळत घातलेले पोरांचे शाळेचे कपडे. उत्तम ओट्यावरच बसला होता. कामावर गेला नव्हता. दाढी वाढली होती.

"या म्याडम." त्याने खुर्ची पुढे केली. "तुमच्यावर राग न्हाय माजा. तुम्ही शिकवता, पुण्य करता."

"उत्तमभाऊ, चूक माझी आहे. मिनलताईंची नाही."

"तिची कशी न्हाय? माजी बायको माजेच घरान माज्याशी खोटं बोलते, ते मना देवलात कलतं. सगल्या गावाबरोबर. मी फोन उघडून बगला, म्याडम. गॅसवाला. मीच तिला मागल्या आठवड्यात बोललो, गॅस संपत आलाय, त्याला फोन कर." तो हसायला गेला आणि ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "मी इतका वाईट हाय का, का घरातल्यांनी मना असं फसवावं?"

विनिता म्हणणार होती, की तुम्ही बहिणीचं नाव बंद केलंत म्हणून. ती म्हणाली नाही. माणूस खरंच दुखावलेला होता.

"फोन आजींना परत द्याल?"

"तिला विचारा. ती बोलली तर आता देतो. जा, आत हाय ती." तो उठून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

अनसूया आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. सूपभर. सून नाही म्हणून घरातली सगळी कामं तिच्यावर आली होती. विनिता तिच्यापाशी खाली बसली. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हातारीने हाताने थांबवलं.

"बस बाय. पानी घेतेस?"

"आजी, मी फोनचं बोलायला आले. उत्तमभाऊ म्हणतात, तुम्ही मागितलात तर देतील."

"मना ठावं हाय."

"मग मागा ना."

अनसूयाने सूप हलवलं, दोन खडे काढून बाजूला टाकले. "मी त्याला कालच बोलली. मिनलला घेऊन ये, मंग मना फोन नको. कधीच नको." ती बाहेरच्या दिशेला बघून हळू बोलत होती. "पोरं न्हान हायत. रोज रातचं आय आय करतात. मना लेक पायजे म्हनून मी त्यांची आय ठेवू काय तिकडं? सूनबाय माजी, तिनं मना काय कमी दिलं? आता माजी पाली हाय."

"पण स्वाती…"

"हां, तेच." म्हातारीने सूप खाली ठेवलं. "तू येक काम कर. तुला आता काय काम न्हाय ना? काशीगावान जा. ती रोज आवाज पाठवत असंल. वाट बगत असंल, आय का बोलत न्हाय. तिला सांग, आता पाठवू नको. घरान फोन न्हाय. माजी तब्येत बरी हाय सांग."

विनिताने विचारलं, "आणखी काही सांगू?"

"विचार, वखतावर जेवते का. सांधे दुखतात का तिचे माजेसारखे. आनि तिनं रडायचं न्हाय. मी रडली ते सांगू नको." मग तिने विनिताच्या पर्सकडे बघितलं, त्यातून बाहेर डोकावणाऱ्या वहीकडे. "आनि बाय, हे लिवू नको."

"नाही लिहिणार."

तिने वही आत ढकलली आणि चेन लावली. निरोप तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटला, अनसूया जशी बोलली तसाच. निघताना पाया पडली तेव्हा म्हातारीने डोक्यावर हात ठेवला. तो राग सोडून ठेवला, की नुसत्या सवयीने, हे विनिताला सांगता आलं नसतं.

बाहेर ओट्यावर उत्तम तसाच उभा होता. "मागितला फोन?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

"नाही."

त्याने मान हलवली. खिशातून गाडीची चावी काढली आणि हातात फिरवत राहिला. मुर्ध्याला आज जायचं की उद्या, हे तो ठरवत असावा. ते ठरायला देवाने त्याला बुद्धी द्यावी, एवढं मागणंच विनिताच्या हातात होतं.

ती नाक्यावर आली. ऊन तिरकं झालं होतं, खाडीकडून खारट वारा येत होता. रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "मॅडम, मीरा रोड स्टेशन?"

"नहीं भैया. काशीगाव."

स्वातीला जाऊन आवाज पाठवू नको म्हणून सांगायचं होतं.